आभार हस्ताक्षरात असावेत

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने घरी बसावं, सकाळी कुंड्यांना पाणी घालावं आणि दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपावं. मला ते जमलं नाही, म्हणून मी चेन्नईतल्या एका श्रीमंत खासगी विद्यापीठात आभार मानायची नोकरी धरली.

दारावरच्या पाटीवर अर्थातच असं लिहिलेलं नव्हतं. तिथे देणगीदारांशी नातं जोपासणारा विभाग, अशा अर्थाचं गुळगुळीत इंग्रजी होतं. पण काम तेच. या विद्यापीठाच्या फीचा आकडा ऐकून आमच्या वेस्ट मांबलमच्या बिल्डिंगमधले रेल्वेतले एक निवृत्त गृहस्थ मला दोन-दोनदा विचारून गेले होते, वर्षाची ना? काही थोड्या हुशार, गरीब मुलांची ही फी देणगीदार भरत. त्या मुलांनी वर्षातून एकदा आपापल्या देणगीदाराला पत्र लिहायचं. पत्र हस्ताक्षरात असावं, दोन पानी असावं, त्यात घरच्या परिस्थितीचा उल्लेख असावा आणि मनाला भिडणारा एक तरी प्रसंग असावा, असा छापील नियमच होता. मुलांकडून ही पत्रं वसूल करायची, तपासायची, जाड लिफाफ्यात घालून रवाना करायची. माझी तीस वर्षं बँकेत पत्रव्यवहार करण्यात गेली, म्हणून मला घेतलं होतं.

विद्यापीठ शहराबाहेर दक्षिणेला. त्याची वातानुकूलित बस सकाळी आमच्या कोपऱ्यावर यायची. उन्हाळ्यात इकडे आम्ही बिल्डिंगमधले लोक टँकर कधी येतो म्हणून गेटकडे डोळे लावून बसायचो आणि तिथे आवारातलं तळं काठोकाठ भरलेलं असायचं. त्यात बदकं होती. बदकांना सांभाळायला पगारी माणूस होता. त्याच्या मुलांना शिक्षकांच्या मुलांसारखी फीसवलत नव्हती, हे मी मुद्दाम चौकशी करून जाणून घेतलं.

लॉबीत वार्षिक अहवाल ठेवलेले असत. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर हसणारी मुलं. लोक त्यातले फोटो बघतात. मी सवयीने मागची पानं उघडली. ताळेबंद वाचायला मला चष्माही लागत नाही. बसमधून घरी येता येता मी दोनदा वाचला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठेवी एवढ्या होत्या, की नुसत्या व्याजावर सगळ्या वर्गांचं, सगळ्या मास्तरांचं आणि बदकांचंही भागलं असतं. फी हा प्रकार तिथे गरजेपोटी नव्हताच. हौस होती.

एकदा आमच्या विभागप्रमुख बाईंनी मीटिंग बोलावली. बाई चाळिशीच्या आतल्या, परदेशात शिकून आलेल्या, सतत भारावलेल्या. परदेशातल्या काही धनाढ्य विद्यापीठांनी बेताच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी बंदच करून टाकल्याची बातमी त्यांनी वाचली होती. आपण यातून काय शिकू शकतो, असा मीटिंगचा विषय होता. बिस्किटं आली, कॉफी आली. सगळ्यांनी काय काय शिकता येईल ते सांगितलं. कुणी म्हणालं, वेबसाइट सुधारू. कुणी म्हणालं, शिष्यवृत्तीला चांगलं नाव देऊ. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, “मॅडम, आपण फी बंद करणं शिकू शकतो.”

त्या हसल्या. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मी व्याजाचा हिशोब सांगितला. श्रीमंतांच्या मुलांना फुकट कशाला, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, त्यांच्याकडून खुशाल घ्या, दुप्पट घ्या. पण ज्याला परवडत नाही त्याला गुपचूप सोडा की. फोटो नको, पत्र नको, जेवणावळ नको.

“पण सर,” बाई अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मग देणगीदारांना आपण काय देणार?”

त्या एका वाक्यात मला त्या संस्थेचं सगळं शास्त्र कळलं. माफ करता यावी म्हणून तिथे फी ठेवली होती. फी काढून टाकली तर माफी कशाची करणार, आणि माफी नसेल तर आभार कोण मानणार? देणगीदाराला वर्षातून एक दुपार आपण फार मोठे आहोत असं वाटलं पाहिजे, त्यासाठी चार पोरांना बारा महिने लहान वाटावं लागे. मी हे बोललो नाही. कॉफी चांगली होती, ती प्यायलो आणि जागेवर येऊन लिफाफे चिकटवत बसलो. मीही त्यांच्यातलाच होतो.

त्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाच्या अर्जांत मला एक अर्ज दिसला. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’. मी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि मराठीत विचारलं, कुठली गं तू? ती हसायला लागली. “तुम्ही फार वेगानें बोलतां मामा,” म्हणाली.

तिचं घराणं तंजावरकडचं. माझ्यासारखी बदलीवर आलेली माणसं नव्हेत ही. कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आली आणि इथलीच झाली. आमच्याकडे जी मराठी जुन्या कागदांत उरली आहे ती ही पोरगी तोंडाने बोलायची, आणि मध्येच अडली की सरळ तमिळमध्ये शिरायची. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्यापासून पाच गल्ल्यांवर राहायची. वडील गुम्मिडिपूंडीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक आला की काट्यावर घ्यायचा, वजन घ्यायचं, पावतीवर सही करायची. त्यासाठी ते रोज पहाटे मांबलमहून निघून गाडी बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे. मुलगी मला बसमध्ये भेटू लागली, मामा मामा करू लागली. मला तिचं फार कौतुक वाटायचं. माझ्या मुलाला अमेरिकेत मराठी बोलायचा कंटाळा येतो आणि ही इथे, तमिळ मुलुखात, जपून बोलत होती.

मग पत्रांचे दिवस आले. शेवटच्या दिवशी दुपारी तिने पत्र आणून दिलं. दोन पानं नव्हतीच, अर्धं पान होतं. पत्रं इंग्रजीत असायची. तिच्या पत्राचा आशय असा होता:

‘आदरणीय महोदय, आपण माझी दोन वर्षांची फी भरलीत. मी विद्यापीठाचा वार्षिक अहवाल वाचला आहे. आपण ते पैसे मला दिले नाहीत, विद्यापीठाला दिलेत. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहेत. त्यांनी माझ्याकडे फी मागितलीच नसती, तर आपले पैसे वाचले असते आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तरी आपण भरलीत, याबद्दल आभार. माझा अभ्यास चांगला चालला आहे.’

मी वाचलं आणि आधी माझा ऊर भरून आला. मग मी घड्याळ पाहिलं. पत्र नसेल किंवा ‘योग्य स्वरूपात’ नसेल, तर नूतनीकरण नाही, असा नियम होता. चार वाजता सगळे लिफाफे न्यायला गाडी येणार होती. पत्र असंच गेलं असतं तर पुढच्या वर्षी पोरगी घरी बसली असती.

“बाळ, हे बदलून दे,” मी म्हटलं.

“ह्यांत खोटें काय आहे तें सांगा मामा. खोटें असेल तें मी खोडतें.”

मी शोधलं. नव्हतं.

“खरं-खोट्याचा प्रश्न नाही. ही एक पद्धत असते. घरची परिस्थिती लिही, वडिलांचं दोन ओळी लिही, संपलं.”

“अप्पांविषयीं त्यांस कशास सांगायचें? अप्पांनीं त्यांजकडे कांहीं मागितलें नाहीं.” एवढं बोलून, तासाला उशीर होतो म्हणून ती निघून गेली.

आता माझ्या हातून जे झालं ते बँकेतल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. तीस वर्षं मी पत्रं लिहिली. उपरोक्त विषयास अनुसरून, आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. त्यातलं एकही कुणी वाचलं नाही. पत्र हे फाईलला लावण्यासाठी असतं, आत काय आहे याला महत्त्व नसतं, फक्त ते असावं लागतं आणि त्यावर सही असावी लागते, ही माझी पक्की समजूत. त्या समजुतीवर मी पेन्शन मिळवली आहे. मी कोरे कागद घेतले, तिचं पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि गोल बायकी अक्षर काढून दोन पानं लिहून काढली. मसुदा तयारच होता, वर्षभर तसलंच वाचत होतो. मनाला भिडणारा प्रसंग हवा होता. मी लिहिलं, ‘माझ्या पुस्तकांना पैसे उरावेत म्हणून माझे वडील दुपारचा डबा नेत नाहीत. कारखान्यात सगळे जेवायला बसले की ते काट्याजवळ उभे राहतात.’ कुठून सुचलं देव जाणे. पाच मिनिटांत सुचलं. मग प्रवेशअर्जावरची तिची सही समोर ठेवली आणि तशी केली. खोटी सही पकडली म्हणून एकेकाळी मला वरिष्ठांचं प्रशंसापत्र मिळालं होतं. त्याच माणसाला ही खोटी सही पहिल्या फटक्यात जमली. गाडी चार वाजता आली आणि लिफाफे घेऊन गेली.

पण हे देणगीदार पत्रं वाचायचे. हेच त्यांचं करमणुकीचं साधन होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आठवड्याभराने बाई माझ्या टेबलाशी आल्या. डोळे ओले होते. देणगीदाराने त्यांना फोन करून पत्र वाचून दाखवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांतलं हे सर्वांत सुंदर पत्र, असं दोघांचं एकमत झालं होतं. दरवर्षी एग्मोरच्या एका हॉटेलात देणगीदारांना जेवण असे. यंदा त्या जेवणाआधी मुलीने हे पत्र स्वतः वाचायचं ठरलं होतं. वडिलांनाही बोलावणं जाणार होतं. बाईंनी मुलीला तसं कळवलंसुद्धा, सोबत पत्राची प्रत जोडून.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. हातात ती प्रत.

“हें कोणीं लिहिलें मामा?”

“मी.”

तिने प्रतीची घडी घालून ती वहीत ठेवली. मी म्हटलं, आजारी पड त्या दिवशी, मी सांभाळून घेतो. तिने मान हलवली. “मग विचारतील. मी लिहिलें नाहीं म्हटलें तर सही कोणाची तें विचारतील. तुम्हांस काय करतील?” तिला माझी काळजी पडली होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, हे मी इथे कबूल करतो. पण मी तिला थांबवलं मात्र नाही.

हॉटेलात गोल टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर सात-आठ देणगीदार आणि एक गरीब. गरिबाने कुठल्या टेबलावर बसायचं त्याचा नकाशा मीच काढला होता. पालकांसाठी मागे भिंतीलगत वेगळी व्यवस्था होती. तिथेही जेवण तेच, फक्त कापडी रुमाल नव्हते. मंचाच्या बाजूला माझं पत्र मोठं करून फळ्यावर लावलं होतं, सहीसकट. तिचे वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. फळ्यासमोर जाऊन त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, खालची सहीसुद्धा. मग जागेवर जाऊन बसले.

तिने पत्र वाचलं. एकही शब्द गाळला नाही, एकाही शब्दावर थांबली नाही. डब्याचं वाक्य आलं तेव्हा एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांच्या पुढ्यात सूप होतं, ते निवेल म्हणून वेटर झाकण घेऊन धावला. उपाशी माणसाची गोष्ट ऐकून लोकांना एवढी भूक लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. टाळ्या वाजत होत्या तोवर ताटं यायला सुरुवात झाली होती.

जेवणं आटपल्यावर तिचे देणगीदार स्वतः उठून मागे आले. भला मोठा माणूस, पंपांचे कारखाने असलेला. त्यांनी वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला. “माझं गोदाम गुम्मिडिपूंडीलाच आहे,” ते तमिळमध्ये म्हणाले. “अधूनमधून येत असतो. एक दिवस दुपारी तुमच्या काट्यावर येईन. तुमचा त्याग मला प्रत्यक्ष बघायचा आहे. त्या दिवशी आपण बरोबर जेवू.” वडील फक्त “सेरि सार”, म्हणजे बरं साहेब, एवढंच म्हणाले.

हॉटेलच्या पायऱ्यांवर आम्ही तिघंच होतो. वडिलांनी मुलीला विचारलं, आवाज न चढवता, “माझा डबा अम्मा रोज भरते. तूं रोज बघतेस. मग असें कां लिहिलेंस?”

मी तोंड उघडलं. ती माझ्याआधी बोलली. “मीच लिहिलें, अप्पा. तिथें असेंच लिहावें लागतें.”

मी तोंड मिटलं. पोरीची शिष्यवृत्ती जाईल म्हणून गप्प राहिलो, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण सही. या वयात खोटी सही करणारा म्हणून नाव व्हायला नको होतं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत विद्यापीठाने फी वाढवली. शिष्यवृत्त्याही वाढवल्या, म्हणजे आभारही वाढले, आणि मला हाताखाली एक माणूस मिळाला. ती मुलगी बसमध्ये पुढे बसायला लागली होती. एक दिवस उतरताना माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, “अप्पा डबा नेत नाहींत मामा. त्या दिवसापासून. अम्मा भरते, ते ठेवून जातात.”

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीवर देवांच्या तसबिरी. वडिलांनी मला खुर्ची दिली, आतून कॉफी आली. मी ती हातातही न घेता सगळं सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं, सही मी केली, तुमच्या मुलीने नाही. माझी चूक आहे, तुम्ही डबा न्या.

“मज ठाऊक आहे सार,” ते म्हणाले. “तिचें अक्षर मी ओळखत नाहीं कां? फळ्यावर बघतांच कळलें. तरी पायऱ्यांवर तिला मुद्दाम विचारलें, ती मीच लिहिलें म्हणाली.”

“मग?”

“अक्षर तुमचें. पण चारशें माणसांत उभें राहून माझें म्हणून वाचलें तिनें.” ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. “आमच्या काट्यावर एकदां पावती निघाली आणि खालीं सही झाली, कीं ती बदलतां येत नाहीं. वजनांत चूक निघाली तर गाडी परत आणवतों. वजन पावतीइतकें होईल तोंवर माल उतरवतों. तिला तिथें अजून दीड वर्ष शिकायचें आहे. ते पंपवाले दुपारीं आले, आणि मी डबा उघडून बसलेला दिसलों, तर पोर खोटी ठरेल.”

“आले का ते?”

“अजून नाहीं.”

“ते कधीच यायचे नाहीत,” मी म्हटलं. मला खरोखरच राग आला होता, आणि तो त्यांच्यावर काढत होतो. “असली माणसं बोलतात आणि गाडीत बसेपर्यंत विसरतात. मी रोज बघतो. त्यांना तुमचं तोंडही आठवत नसेल.”

“असेल,” ते म्हणाले आणि कॉफीचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला. “पण दिवस त्यांनीं सांगितलेला नाहीं, सार.”